दंडाची पावती जाळू नका

वाचकांचे प्रश्न : जमीन, गायरान, वनहक्क

या वेळी पत्रांचा गठ्ठा जाड आहे आणि त्यातली निम्म्याहून जास्त पत्रं गायरानाची, म्हणजे गावच्या जनावरांसाठी राखलेल्या सरकारी जमिनीची आहेत. मी एकतीस वर्षं तलाठी होतो. बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतले सात सज्जे, म्हणजे तलाठ्याच्या हद्दी, सांभाळले. गायरानाच्या कितीतरी नोंदी माझ्याच हातच्या आहेत, त्यामुळे पहिलं उत्तर लांबलं आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

प्रश्न : भाऊसाहेब, नमस्कार. आम्ही मातंग समाजाचे, केज तालुक्यातल्या एका गावात राहतो. माझे सासरे १९८६ पासून गायरानातलं तीन एकर रान वाहत होते. ते वारले. चार वर्षांखाली मालकही गेले. आता मीच पेरते. खरिपाला तूर, मूग, बाजरी घेते आणि दिवाळी झाली की भावासोबत कोयता धरून कारखान्याला जाते. दोन लेकरं सोबत असतात. यंदा पाडव्याला परत आले तर रानात खुंट्या ठोकलेल्या. सोलर येणार म्हणतात. दीर म्हणतो, तुझं नाव कुठंच नाही, तू गप बस. घरात सासऱ्यांच्या नावाच्या दंडाच्या पाच पावत्या आहेत. त्यांच्यावर ‘अतिक्रमणदार’ असं लिहिलंय. पोलीस धरतील या भीतीनं जाळून टाकाव्यात असं वाटतंय. मी काय करू?
— एक ऊसतोड कामगार भगिनी, केज तालुका

उत्तर : ताई, पावत्या जाळू नका. आजच त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत कुलपाखाली ठेवा. तालुक्याला गेलात की प्रत्येकीच्या दोन झेरॉक्स काढा आणि एक संच भावाच्या घरी ठेवा. घर पत्र्याचं असेल, पावसात गळत असेल, तर हे काम पहिलं करा.

त्या पावत्या काय आहेत ते सांगतो. सरकारी जमिनीत कोण पेरतं याची नोंद तलाठ्याच्या दप्तरात असते. तिला गाव नमुना १-ई म्हणतात, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. तलाठी शिवारात येतो, पंचनामा करतो, दंड बसवतो आणि पावती फाडतो. पावतीवर साल, गट नंबर, क्षेत्र आणि नाव असतं, खाली तलाठ्याची सही असते. अमुक साली अमुक माणूस ही जमीन कसत होता, असं सरकारच्याच माणसानं सरकारच्याच कागदावर लिहून दिलेलं आहे. ‘अतिक्रमणदार’ हा शब्द वाचून तुम्हाला धडकी भरली, साहजिक आहे. पण महसूल खात्यात त्या शब्दाचं वजन वेगळं आहे. तुमच्या घराण्याचा ताबा सिद्ध करणारा दुसरा इतका भक्कम कागद नाही.

आता १९८६ हे साल का महत्त्वाचं आहे ते बघा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, २८ नोव्हेंबर १९९१ रोजी महाराष्ट्र शासनानं एक निर्णय काढला. १४ एप्रिल १९९० रोजी शेतीसाठी अस्तित्वात असलेली, मागास समाजातल्या भूमिहीनांची सरकारी जमिनीवरची अतिक्रमणं नियमित करायची, म्हणजे कसणाऱ्याच्या नावानं कायदेशीर करायची, असा तो निर्णय होता. तसाच एक निर्णय त्याआधी १९७८ सालीही झाला होता. तुमच्या सासऱ्यांचा पेरा १९८६ चा, म्हणजे त्या तारखेच्या आतला. पाचांपैकी एक जरी पावती १४ एप्रिल १९९० च्या आधीची असेल, तर ती सगळ्यांत वर ठेवा.

हे निर्णय कुणी दयेनं दिलेले नाहीत. निजामाचं राज्य १९४८ ला गेलं, तरी मराठवाड्यातल्या जमिनी ज्यांच्या होत्या त्यांच्याचकडे राहिल्या. कसेल त्याची जमीन, नसेल त्याचं काय, असं विचारत कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी आधी १९५९ साली आणि मग ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह केला. लाखो माणसं तुरुंगात गेली. पुढं बीड जिल्ह्यात आणि आजूबाजूला अॅड. एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानानं गायरानधारकांना एकत्र केलं. मी नोकरीत असताना त्यांचे मोर्चे तहसीलवर यायचे. पहाटे गावातून निघालेल्या बाया डोक्यावर भाकरीचं गाठोडं आणि कमरेला पावत्यांची पुरचुंडी घेऊन यायच्या. आम्ही कर्मचारी खिडकीतून बघायचो. त्या पुरचुंडीत काय आहे हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षांत कळलं असतं, तर पुढची गोष्ट घडली नसती.

१९८७ साल होतं. एका गावाच्या गायरानात मी पंचनाम्याला गेलो. बांधावर एक बाई उभी होती. मागून आणलेलं औत होतं आणि तासामागं तीच चालत होती. नवरा मुंबईला गेला होता, त्याचा पत्ता नव्हता. सासरा अंथरुणाला खिळलेला. मी विचारलं, नाव काय लिहू? तिनं स्वतःचं नाव सांगितलं. मी म्हणालो, रेशनकार्ड कुणाच्या नावावर आहे? सासऱ्याच्या. मी सासऱ्याचं नाव लिहिलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, तशीच रीत होती. तीन वर्षं तसंच लिहीत गेलो. पुढं सासरा वारला. १९९१ चा निर्णय आल्यावर तालुक्याला प्रकरणं सुरू झाली, तेव्हा जालन्याला राहणारा तिचा दीर वारस म्हणून पुढं आला. त्यानं त्या रानात कधी पाऊल टाकलं नव्हतं. सुनावणीला साहेबांनी नोंदवही मागितली, मी ती उघडून समोर ठेवली. नोंदवहीत ती बाई कुठंच नव्हती. जमीन दिराच्या नावानं नियमित झाली आणि ती बाई त्याच रानात मजुरीनं खुरपायला जायला लागली. मी त्या सज्ज्यात आणखी दोन वर्षं होतो. रस्त्यात भेटली की ती पदर सावरून ‘भाऊसाहेब, रामराम’ म्हणायची.

म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगतो, तुमचं पहिलं काम सोलर नाही. पहिलं काम तुमचं नाव आहे.

तहसीलदारांच्या नावानं एक साधा अर्ज लिहा. अमुक गट नंबरातली तीन एकर जमीन सासरे १९८६ पासून कसत होते, त्यांच्यानंतर पती आणि पतीच्या निधनानंतर मी स्वतः कसते. १-ई नोंदवहीत माझं नाव घ्यावं, उभ्या पिकाचा पंचनामा करावा, आणि २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाप्रमाणे व महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ५१ प्रमाणे अतिक्रमण नियमित करावं. कलम ५१ जिल्हाधिकाऱ्यांना तो अधिकार देतं. सोबत पावत्या, दोघांचे मृत्यूचे दाखले, जातीचा दाखला, रेशनकार्ड आणि भूमिहीन असल्याचा दाखला जोडा. मूळ पावती कुणालाही देऊ नका, दाखवा आणि परत घ्या. पंचनाम्यावर शेजारच्या रानवाल्यांच्या सह्या घ्या. शक्यतो दुसऱ्या समाजातल्या एकाची तरी असू द्या. सुनावणीत त्या सहीचा फार उपयोग होतो.

हे सगळं कधी करायचं? पीक उभं असताना, म्हणजे श्रावण-भाद्रपदात. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं नुकसान इथंच होतं आणि त्यावर कुणी बोलत नाही. तुम्ही दिवाळीला गाव सोडता. रब्बीत रान मोकळं पडतं. तलाठी पाहणीला येतो आणि ‘पड’ असं लिहून जातो. चार वर्षं ‘पड’ लागलं की ही जमीन कुणाच्या ताब्यात नाही असं म्हणायला जागा होते. खुंट्या नेमक्या तुम्ही नसताना ठोकल्या गेल्या, हेही लक्षात घ्या. यंदा जायच्या आधी ओलीवर एक एकर तरी हरभरा किंवा ज्वारी टाकून जा. राखणीला आई-वडील, बहीण, कुणीतरी ठेवा. मुकादमाची उचल घेताना आठ दिवस उशिरा येण्याचं बोलून घेता आलं, तर तेवढ्यात पेरणी होते.

दिराचं म्हणणं मनावर घेऊ नका. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्यामागं बायको आणि लेकरं पहिल्या वर्गाचे वारस आहेत. शिवाय गायरानाच्या प्रकरणात वारशाइतकंच प्रत्यक्ष कोण कसतं हे बघितलं जातं. दिराशी भांडण नको असेल तर चार माणसांसमोर लिहून घ्या की ही जमीन वहिनी कसते, माझी हरकत नाही.

आता सोलर. २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात उपकेंद्रांच्या आसपासच्या सरकारी आणि गायरान जमिनी सौर प्रकल्पांसाठी बघितल्या जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा हेतू चांगला आहे. मी त्याच्या विरोधात नाही. पण नकाशावर ‘रिकामी सरकारी जमीन’ असं रंगवलेल्या तुकड्यावर तुमची बाजरी उभी असते आणि ती नकाशात दिसत नाही. खुंट्या उपटू नका, त्यातून तुमच्यावरच गुन्हा दाखल होईल. तहसीलदार आणि जिल्हाधिकारी दोघांनाही लेखी विचारा : कोणत्या आदेशानं, कोणत्या गटातलं किती क्षेत्र, आणि चतुःसीमा काय? माहिती अधिकारात अर्ज केलात तर तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या कार्डावर फीसुद्धा लागत नाही. सोबत हरकत द्या की माझा नियमितीकरणाचा अर्ज प्रलंबित आहे, त्याचा निर्णय होईपर्यंत माझ्या ताब्यातलं क्षेत्र सोडून मोजणी करावी.

तहसीलमध्ये कुणीतरी सांगेल की सुप्रीम कोर्टानं सगळी अतिक्रमणं काढायला सांगितली आहेत. तो निकाल २८ जानेवारी २०११ चा आहे, जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य. खटला होता पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावचं तळं बुजवून त्यावर घरं बांधणाऱ्यांचा. गावाची सामाईक जमीन बळकावणाऱ्यांना हटवा, असं कोर्टानं सगळ्या राज्यांना सांगितलं, हे खरं. पण त्याच निकालात अपवादही लिहून ठेवला आहे : भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासनाच्या अधिसूचनेनुसार पट्टा, म्हणजे जमीन कसायचा सरकारी हक्काचा कागद, दिलेला असेल, किंवा त्या जागेवर शाळा, दवाखाना असेल, तर नियमित करता येतं. निकालाचा पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ असतो. तुमच्या अर्जात हा दुसरा अर्धा भाग लिहा. तुमचा पट्टा अजून झालेला नाही, म्हणून तर १९९१ च्या निर्णयाखालचा अर्ज आधी दाखल झाला पाहिजे.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न न विचारता. तुम्ही दोन्हींत बसता. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. आणि उद्या गावातल्या कुणी वरच्या जातीच्या माणसानं तुमच्या पिकात नांगर घातला किंवा तुम्हाला रानातून हुसकलं, तर तो अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ खालचा गुन्हा आहे. दिराला तो लागत नाही, कारण तो तुमच्याच समाजाचा.

एक जोडवाटही सांगून ठेवतो. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत अनुसूचित जातीच्या, दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन मिळते. २०१८ पासून ती शंभर टक्के अनुदानावर आहे आणि विधवांना प्राधान्य आहे. अर्ज समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयात करायचा. अडचण एवढीच की कोरडवाहूला एकरी पाच लाखांची मर्यादा आहे आणि त्या भावात सलग जमीन विकायला कुणी सहजी तयार होत नाही. अर्ज करा, पण त्या भरवशावर हातातलं रान सोडू नका.

प्रश्न : आमच्या गावात गायरानातली दोन एकर जमीन एक जण पाचशेच्या बाँडवर द्यायला तयार आहे. चार लाख मागतो. तीस वर्षं ताबा आहे म्हणतो, म्हणजे मालकी त्याचीच झाली ना? घ्यावी का?
— एक तरुण वाचक, परळी

उत्तर : घेऊ नका. जी जमीन त्याच्या नावावर नाही ती तो विकू शकत नाही. तो बाँड नोंदणी कार्यालयात कुणी नोंदवणार नाही. ज्या जुन्या तारखेच्या आधारानं हक्क मागायचा ती तारीख त्याच्या ताब्याची आहे. तुम्ही रानात उतरलात त्या दिवशी तुमचं नवं अतिक्रमण सुरू होतं, आणि नव्या अतिक्रमणाला कुठलाच निर्णय वाचवत नाही. तीस वर्षांची गोष्ट चहाच्या हॉटेलात फार चालते. सरकारविरुद्ध ताब्यानं मालकी सांगायची मुदत तीस वर्षं आहे हे खरं, पण त्यासाठी मालकाला झुगारून कसलं असं दिवाणी कोर्टात सिद्ध करावं लागतं. दरवर्षी दंड भरणाऱ्यानं सरकारची मालकी मान्यच केलेली असते. चार लाखांत दोन म्हशी घ्या, नाहीतर शेळ्या घ्या.

आणि विकणाऱ्याला माझा निरोप द्या. लेकीच्या लग्नासाठी विकत असेल तर विकू नको म्हणावं. एकदा ताबा गेला की त्याच्या पुढच्या पिढीला मागायला तोंड राहत नाही.

प्रश्न : तुम्ही सारखी गायरान वाहणाऱ्यांची बाजू घेता. आम्ही धनगर. माझी साठ मेंढरं आहेत. गायरान हे जनावरांसाठी राखलेलं आहे. सगळं नांगरून टाकलं तर आम्ही मेंढरं कुठं चारायची? आम्ही गरीब नाही का?
— एक मेंढपाळ वाचक, भूम तालुका

उत्तर : दादा, तुमचा राग रास्त आहे. हे पत्र मी तीनदा वाचलं. गायरान या शब्दातच गाय आहे. मेंढपाळाला सातबारा नसतो, म्हणून त्याचा हक्क कुणाच्या नोंदवहीत येत नाही. अतिक्रमणदाराची निदान १-ई ला नोंद तरी असते. तुमच्या वाटेची, तुमच्या पाणवठ्याची कुठंच नसते.

पण गायरान कुणी खाल्लं ते बघू या. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयात हा विषय निघाला तेव्हा राज्य सरकारनं आकडे दिले. राज्यात गायरान ४ लाख ५२ हजार हेक्टर, त्यातलं अतिक्रमण १० हजार ८९ हेक्टर. शंभरात सव्वादोन. अतिक्रमणं मोजली तर २ लाख २२ हजारांवर. त्या हिवाळ्यात गावोगाव नोटिसा गेल्या आणि पालांत, झोपड्यांत राहणारी माणसं रात्र रात्र झोपली नाहीत. मी त्या आकड्यांकडे बघून वेगळाच विचार करत होतो. शंभरात सव्वादोन अतिक्रमण असेल, तर उरलेल्या पावणेअठ्ठ्याण्णवात तुमच्या मेंढरांना चारा का नाही?

याचं उत्तर मी पायी फिरून बघितलं आहे. निवृत्तीच्या आदल्या वर्षी माझ्या सज्ज्यातल्या एका गावचं गायरान मी मुद्दाम चालून काढलं. कागदावर एकशे चाळीस एकर होतं. एका कडेला खडीची खाण, तिचा खड्डा पाण्यानं भरलेला. मग तारेच्या कुंपणातली रोपवाटिका, आत जनावराला बंदी. मग पाझर तलाव, शाळा, पाण्याची टाकी. ती गावाच्या उपयोगाची, तिथं माझी तक्रार नाही. त्यापुढं गावातल्या मोठ्या घराची मोसंबीची बाग, ठिबक आणि विहिरीसकट, शेजारच्या मालकीच्या रानातून हळूहळू बांध सरकवत आत आलेली. तिची १-ई ला नोंद नव्हती, दंड नव्हता. ती सव्वादोनमध्ये धरलेलीच नव्हती. त्यानंतर चाळीसेक एकर वेडी बाभूळ, जिच्यात मेंढरू शिरलं तर लोकर काट्यांत अडकते. आणि सगळ्यांत शेवटी, मुरमाड उतारावर, अकरा भूमिहीन कुटुंबांचं मिळून बावीस एकर. पंचनामे मी वर्षानुवर्षं फक्त त्या अकरांचे केले होते. मोसंबीच्या बागेत जाऊन नाव विचारायची माझी हिंमत कधी झाली नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगतो.

म्हणून माझी विनंती आहे. ग्रामसभेत असा ठराव मांडा की गावच्या गायरानाच्या प्रत्येक गटाची आजची स्थिती आणि वापर करणाऱ्याचं नाव यांची यादी तहसीलनं द्यावी आणि भूमी अभिलेखकडून मोजणी व्हावी. सगळ्यांची नावं, बागवाल्यासकट. महसूल संहितेत आता २२-अ हे कलम आहे. गायरान दुसऱ्या कामाला द्यायचं तर ते काम साधारणपणे सरकारचं किंवा सरकारी संस्थेचं सार्वजनिक असावं लागतं, आणि त्यासाठी दुसरी योग्य सरकारी जमीन नाही असं दाखवावं लागतं. हे कलम चराईची राखण करतं. सोलरवाले तुमच्याकडे आले तर ‘दुसरी जमीन बघितली का’ हा प्रश्न तुम्हीच विचारायचा आहे. केजच्या ताईंना ते तितकंसं कामाचं नाही, तुम्हाला आहे.

शक्य असेल तर तो ठराव गायरान वाहणाऱ्यांना सोबत घेऊन मांडा. तुमचं त्यांच्याशी नातं जुनं आहे. सुगी झाली की तेच तुम्हाला रानात मेंढरं बसवायला बोलावतात, लेंडीखतासाठी. एका गावात मी हे घडताना पाहिलं. वाहणाऱ्यांनी ओढ्याच्या कडेनं पंधरा हात पट्टा जनावरांच्या वाटेला सोडला, मेंढपाळांनी सुगीआधी रानात न शिरण्याचं कबूल केलं, आणि दोघांनी मिळून वेडी बाभूळ काढायला रोजगार हमीचं काम मागितलं. त्या कागदावर दोन्हीकडच्या सह्या आणि अंगठे होते.

प्रश्न : आम्ही आंध आदिवासी, किनवट तालुक्यातले. वडील चाळीस वर्षांपासून वनजमीन कसतात. वनहक्काचा दावा नामंजूर झाला असं कळलं, पण कागद मिळाला नाही.

उत्तर : २००६ च्या वनहक्क कायद्यानं १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा असलेल्या आदिवासी कुटुंबाला चार हेक्टरपर्यंत प्रत्यक्ष कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळतो. दावा नाकारला तर कारणासह लेखी कळवावं लागतं आणि त्यावर साठ दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. कागदच दिला नाही, तर आधी तो लेखी मागा. पुराव्यात गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब चालतो, फक्त उपग्रहाच्या फोटोवरून दावा फेटाळता येत नाही. लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं होतो. दाव्यात आईचं नाव लिहिलं आहे का, तेवढं आजच बघा.

प्रश्न : मी अंबाजोगाईला बी.ए.ला आहे. जमिनीचा असा प्रश्न फक्त आपल्याकडेच आहे की दुसऱ्या गरीब देशांतही?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : बाळ, आहे, आणि बराचसा सारखा आहे. ब्राझीलमध्ये १९८४ पासून भूमिहीन कामगारांची मोठी चळवळ आहे. ती कुटुंबं हायवेच्या कडेला काळ्या प्लास्टिकची पालं टाकून वर्षानुवर्षं राहतात आणि पडीक ठेवलेली मोठी जमीन मागतात. तिथल्या १९८८ च्या राज्यघटनेत जमिनीनं सामाजिक कर्तव्य पार पाडलं पाहिजे असं लिहिलेलं आहे, त्याच्याच आधारावर. टांझानियात १९९९ च्या ग्रामजमीन कायद्यानं परंपरेनं कसणाऱ्याला हक्काचं प्रमाणपत्र गावपातळीवरच देता येतं.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो इथिओपिया. तिथं जमीन सरकारची आणि जनतेची, विकता येत नाही, कुटुंबाला फक्त कसण्याचा हक्क, म्हणजे आपल्या गायरानासारखंच. तिथल्या काही प्रांतांत हक्काच्या प्रमाणपत्रावर नवरा आणि बायको दोघांचेही फोटो लावायची पद्धत त्यांनी सुरू केली. वाचता न येणाऱ्या बाईलाही त्या कागदावर आपण आहोत हे दिसतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला १९८७ चा तो बांध आठवला. एखादा फोटो चिकटवायला मला किती वेळ लागला असता?

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१८ मध्ये शेतकरी आणि ग्रामीण श्रमिकांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याचं सतरावं कलम जमिनीच्या हक्काचं आहे. ते वाच. आणि त्याच आठवड्यात तुझ्या गावच्या तलाठी कार्यालयात जाऊन १-ई नोंदवहीत बायकांची नावं किती आहेत ती मोजून ये. मला कळव. पुढच्या अंकात छापू.

प्रश्न : अर्ज घ्यायलाच नकार देतात. ‘साहेब मीटिंगला गेलेत, नंतर या’ असं चार वेळा झालं.
— एक वाचक, पाटोदा

उत्तर : साहेबांची वाट बघू नका. अर्जाच्या दोन प्रती करा आणि तहसीलच्या आवक-जावक टेबलावर द्या. तिथं साहेबांची गरज नसते. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. तिथंही घेतला नाही तर पोस्टात जाऊन त्याच दिवशी स्पीड पोस्टानं नोंदणी करून पाठवा, पोचपावतीसह. पोस्टाची पावती आणि पोचपावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा, सुटं ठेवू नका. आणि जाताना एकटे जाऊ नका. गावातले आणखी दोघं-तिघं गायरानवाले असतीलच, त्यांचेही अर्ज त्याच दिवशी द्या.